सोळाशे किलोमीटर आणि एक पावती



एका अर्जावर आमची सही व्हायची होती, ती झाली नाही. त्याची हकिकत आज सांगायची आहे.

वावरला आमचे येणे-जाणे जुने. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा वावर आणि आसपासच्या पाड्यांवर हातपंप, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. दीडशे सीसीची जुनी मोटारसायकल हेच त्याचे दुकान. पाड्यावरून कुणाला जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायचे झाले की पहिली हाक त्यालाच. १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर रस्ते झाले, जिल्हाही २०१४ पासून वेगळा झाला. पण पावसाळ्याच्या रात्री, मधे रोगी आणि मागे त्याला धरून बसलेला भाऊ, अशी ही गाडी घाट चढते तेव्हा चढतेच. तिघे बसले म्हणून दंडाची पावती फाडणाऱ्याने एकदा ते दृश्य पाहावे.

हा मुलगा एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही माझे साक्षीदार व्हा."

आम्हाला वाटले, नोंदणी पद्धतीने लग्न ठरवले की काय! निघाले निराळेच. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची संस्था आहे. नावाचा अर्थ वहिनींसमोर सांगताना आम्ही अडखळलो. 'लोखंडी बैठक' म्हणू या. १९८४ साली त्यांची पहिली मोठी मोटारसायकल फेरी झाली. आता ती अकरा दिवसांची असते आणि त्यात सुमारे अकरा हजार मैल कापावे लागतात. सामान्य माणसासाठी त्यांची पहिली पायरी म्हणजे चोवीस तासांत एक हजार मैल, आपल्या मापाने सोळाशे किलोमीटर. आपल्या देशातलीही मुले हे करतात. ही शर्यत नाही. कुणाच्या पुढे जायचे नाही, फक्त ठरल्या वेळात पुरे करायचे. पुरावा म्हणून प्रत्येक ठिकाणची पेट्रोलची पावती लागते, तिच्यावर गाव, तारीख, वेळ छापलेली हवी. मीटरचा आकडा वहीत टिपायचा. निघताना एक साक्षीदार, परतल्यावर एक साक्षीदार. मग प्रमाणपत्र मिळते. बक्षीस नाही, पैसा नाही.

पावत्या आणि जमाखर्च म्हटल्यावर आमच्यातला बी.कॉम. कारकून जागा झाला. आम्ही वही पुढे ओढली.

त्याने मार्ग मोठा छान आखला होता. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर. दीक्षाभूमीला वंदन करून पुढे मनसर, जिथे उत्खननात प्राचीन अवशेष सापडले, तिथल्या पंपावर पावती घ्यायची आणि आल्या वाटेने परत. समृद्धी महामार्ग जवळचा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. जाऊन-येऊन सोळाशेच्या थोडे पुढे भरत होते. पेट्रोलला साडेतीन हजारांच्या वर लागणार होते. ते त्याने चार महिने बाजूला टाकले होते.

वेळेचा हिशेब मात्र आम्हाला खटकला. सोळाशे भागिले चोवीस म्हणजे ताशी सरासरी सहासष्ट-सदुसष्ट, त्यातच चहा, पेट्रोल, लघवीला थांबणे आले. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीला चौपदरी रस्त्यावर कमाल मर्यादा ताशी ऐंशी. घड्याळाच्या काट्यासारखी ऐंशीने चालवली तरी वीस तास. राहिले चार. त्यात तोरंगणचा घाट दोनदा, वाटेतली गावे, ट्रक, म्हशी. झोपेचा रकाना कोराच राहात होता.

त्याच्या वडिलांनी वही पाहिली आणि बाजूला सारली. म्हणाले, "आम्हाला आठ तासांच्या वर ड्यूटी नको म्हणून कायदा झाला. आणि हा चोवीस तास हौसेने करतोय." त्यांचे खरे होते. मोटार वाहतूक कामगारांचा आठ तासांचा कायदा १९६१ चा. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, कारखान्यातला कामाचा आठवडा चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आणणारे विधेयक मजूरमंत्री म्हणून खुद्द बाबासाहेबांनी मांडले होते.

मुलगा गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, रोज गाडी लोकांसाठी चालवतो. एक दिवस माझ्यासाठी."

यावर वडिलांना उत्तर सुचले नाही आणि आम्हालाही.

आम्ही त्याला चाळीसगावची गोष्ट सांगितली. २३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले, तर त्यांना महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला नाही. त्यांनी पायी यावे हे आपल्या लोकांना शोभेना, म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाने लगाम धरला. पुलावर चाक अडले, टांगा घोड्यासकट खाली गेला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांनी स्वतः ही हकिकत लिहून ठेवली आहे. टांगेवाल्यांच्या जातिगर्वाबद्दल तर त्यांनी लिहिलेच, पण पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याचा जीव सांभाळायचे आपले लोक विसरले, हेही नोंदवायला ते चुकले नाहीत.

"काका, त्या माणसाला येत नव्हते," मुलगा म्हणाला. "मला येते."

हेही खरे होते. आम्ही साक्षीदार व्हायला कबूल झालो, एका अटीवर: डोळा जड झाला की थांबायचे, वेळ जावो की राहो.

शनिवारी पहाटे जव्हारच्या पंपावर आम्ही निघाल्याची सही केली. पाच वाजून दोन मिनिटे. आईने घरी बुद्ध-बाबासाहेबांसमोर मेणबत्ती लावली होती. वडील पंपावर आले नाहीत. पण आदल्या रात्री चेन, ब्रेक, टायरची हवा त्यांनीच पाहिल्याचे आम्हाला मागून कळले.

दिवसभर त्याचे फोन येत राहिले, फक्त गाडी उभी करून. धुळ्याच्या अलीकडे लळिंगपाशी दोन मिनिटे थांबला. १९३७ साली बाबासाहेब ज्या लांडोर बंगल्यात उतरले होते, त्या डोंगराला हात जोडले. अकोला-अमरावती रस्त्यावरून म्हणाला, "काका, इथे गाडी पाण्यासारखी जाते." २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर पंचाहत्तर किलोमीटरचे डांबरीकरण सलग १०५ तासांत करून विक्रम नोंदवला गेला. तेव्हा रस्त्यावर किती मजूर किती पाळ्यांत राबले असतील, असे आमच्या मनात येऊन गेले.

मनसरची पावती सायंकाळी पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांची. चाळीस मिनिटे मागे. आता रात्र पुढे होती.

साडेअकराला खामगावहून फोन आला तो आम्हाला नव्हे, वडिलांना. "बाबा, समोरच्या ट्रकचे लाल दिवे एकाचे दोन दिसतात." वडिलांनी विचारले, "गाडी कुठे आहे?" "ढाब्यावर." "किल्ली काढ आणि झोप." यापुढे एक शब्द नाही. मग रात्रभर ते ओट्यावर बसून राहिले.

पहाटे साडेचारपासून मुलाचे चार-पाच मित्र हार घेऊन पंपावर जमले होते. आम्ही त्यांना खामगावचे सांगितले. पोरे हिरमुसली. त्यांतला एक थोड्या वेळाने आमच्याजवळ आला. त्याने स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकले होते. पावतीवर गाव जव्हार, वेळ चार पंचावन्न.

"ही लावा काका. तुमची सही झाली की झाले. तिकडे अमेरिकेत कोणाला कळणार?"

त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, मित्रावरचे प्रेमच होते. म्हणूनच आम्हाला बोलणे जड गेले. बोगस दाखल्यावर आपल्या मुलांच्या राखीव जागा लाटणाऱ्यांविरुद्ध आम्ही मोर्चे काढले, निवेदने दिली. आणि इथे चौथे शील घेतलेल्या हाताने आम्ही पाच मिनिटे ती पावती धरून उभे होतो, हे कबूल केले पाहिजे. मग ती ज्याची त्याला परत केली.

अकराच्या सुमारास मुलगा आला. चेहरा काळवंडलेला, डोळे मात्र ताजे. वडील आता पंपावर होते. त्यांनी आधी मागचा टायर दाबून पाहिला, मग त्याच्याकडे पाहिले. मित्राने पावतीची गोष्ट सांगितली, तेव्हा मुलगा हसला आणि खिशातल्या आपल्या पावत्या काढून आमच्या हातात क्रमाने ठेवल्या. एकही हरवली नव्हती.

दुपारी जेवताना म्हणाला, "काका, तो अर्ज फाडू नका. पाऊस गेला की पुन्हा निघेन. सुरुवात नाशिकहून करतो, म्हणजे घाट दोन्ही वेळा टळेल."

वडील म्हणाले, "वेळापत्रक मी करणार. तीन तास झोप धरून."

आम्ही वही उघडून दोनदा मांडणी केली. तीन तास झोप धरली तर एकवीस तास उरतात आणि सरासरी शहात्तरवर जाते. पेट्रोल भरायलासुद्धा वेळ राहात नाही. हिशेब अजून जुळलेला नाही.