चेहऱ्यालाही पिन हवा

जानेवारी 2024. सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या मामांनी मला एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. खाली एकच ओळ: ‘सचिन सांगतोय म्हणजे खरं असेल ना रे?’

व्हिडिओत तेंडुलकर एका गेमिंग ॲपची भलामण करत होता. चेहरा त्याचा, आवाज त्याच्यासारखाच, शब्द मात्र त्याचे नव्हते. 15 जानेवारीला त्यानं स्वतःच पोस्ट टाकून तो खोटा असल्याचं सांगितलं. नंतर मुंबईत पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

सचिनच्या एका पोस्टची देशभर बातमी होते. पण आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या खेळाडूंचं काय? ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य जिंकलं. चांदवडकडचा दत्तू भोकनळ 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला वल्हवत पोचला. उद्या गावाकडून आलेल्या अशा एखाद्या खेळाडूच्या तोंडी कुणी सट्ट्याची जाहिरात घातली, तर तिनं किंवा त्यानं वकिलाची फी कुठून आणायची? आणि गेलेली अब्रू?

आपल्याकडे स्वतःच्या चेहऱ्यावरच्या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही. घटनेचं कलम 21, ट्रेडमार्क असे तुकडे जोडून कोर्ट मनाई हुकूम देतं. म्हणजे हक्क कागदावर सगळ्यांना, हातात मात्र हायकोर्टाची पायरी चढू शकणाऱ्यालाच.

‘मग मीम्स बंद करायचे का?’ मुळीच नाही. खेळाडूंची चित्रं आणि आकडेवारी वापरणाऱ्या ऑनलाइन फँटसी गेमच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 मध्ये म्हटलं, की हा हक्क अमर्याद नाही. बातमी, टीका, विडंबन यांना मोकळीक हवी. मला ते शंभर टक्के पटतं. खेळाडूविषयी बोला, त्याची टर उडवा. पण त्याच्या तोंडून माल विकू नका.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून ‘तपासणं शक्यच नाही’ ही सबब मला सांगू नका. खात्यातून पैसे द्यायचे तर यूपीआय सहसा पिन मागतं. जाहिरातीचे पैसे घेणाऱ्या प्लॅटफॉर्मनं त्या चेहऱ्याच्या मालकाची लेखी संमती आधी मागितली, तर काय बिघडेल? धंदा थोडा मंदावेल, एवढंच. तो मंदावू दे. कायद्यानं ही जबाबदारी जाहिरातदारावर आणि प्लॅटफॉर्मवर टाकावी, खेळाडूवर नाही.

मामांनी पैसे टाकण्याआधी मला विचारलं, म्हणून वाचले. ज्यांच्या घरात विचारायला कुणी नाही, त्यांनी सचिनवर विश्वास ठेवला, यात त्यांची काय चूक?