पेट्रोलच्या टाकीतला पाहुणा

रायपुरात राहून नवा रायपुरच्या कचेऱ्यांत नोकरी करणारे अनेकजण रोज दुचाकीनेच ये-जा करतात. दोन्ही वेळची मिळून चाळीस-पन्नास किलोमीटरची रपेट होते. लिटरमागे एक-दोन किलोमीटर कमी पडले, तरी ते महिनाअखेरीस घरखर्चाच्या वहीत दिसते. म्हणूनच 'हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, गाड्या बिघडणार' ही चर्चा घरोघरी ऐकू येते. यात खरे किती आणि भीती किती?

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. उसाचा रस, मळी, मका किंवा तांदूळ आंबवून ते तयार करतात. आपल्याकडे १९४८ सालीच 'पॉवर अल्कोहोल' कायदा झाला होता. आजच्या योजनेचे पहिले प्रयोग २००१ मध्ये महाराष्ट्रात मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशात आंवला येथे झाले. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला.

आता इंजिनात काय घडते ते पाहू. हवा आणि इंधनाची वाफ दाबली जाते, प्लगची ठिणगी पडते आणि मिश्रण जळून दट्ट्या ढकलला जातो. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे पस्तीस टक्के भाग ऑक्सिजनच असतो. त्यामुळे ते जळायला बाहेरची हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हवी, तर इथेनॉलला नऊ किलो पुरते. ज्वलन अधिक पूर्ण होते आणि धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड घटतो. शिवाय ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठकठकण्याचा धोका कमी होतो. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१, तर वीस टक्के मिश्रणाचा ९५ असतो.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी उष्णता, त्याच्या दोन-तृतीयांशच एक लिटर इथेनॉलमध्ये असते. हिशेब केला तर वीस टक्के मिश्रणात उष्णता सहा-सात टक्क्यांनी घटते. वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घ्यायचा, तर इंजिनाची रचनाच तशी हवी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींचे मायलेज तीन-चार टक्क्यांनी, तर जुन्या मोटारींचे सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे पन्नासचे मायलेज देणारी स्कूटर अठ्ठेचाळीसवर येईल. पंपावरचा दर मात्र त्या प्रमाणात उतरलेला नाही, ही ग्राहकाची तक्रार रास्तच म्हणावी लागेल. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, अशी जनहित याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

जुनी गाडी असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या व वायसर फुगतात किंवा चिरतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ते आवर्जून तपासून घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल-पाणी तळाशी बसते, पेट्रोल वर राहते आणि गाडी सुरू होईनाशी होते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असावे आणि अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नये. नवी गाडी घेताना 'ई-२०' साठी योग्य आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे.

छत्तीसगडच्या माणसाला आणखी एक प्रश्न पडायलाच हवा. या प्रदेशाला 'धान का कटोरा' म्हणतात आणि तांदळापासूनही इथेनॉल होते. एक टन तांदळापासून साधारण ४५० लिटर इथेनॉल मिळते. रेशनवर माणशी महिना पाच किलो धान्याच्या हिशेबाने तोच तांदूळ दोनशे माणसांना महिनाभर पुरतो. जुलै २०२३ मध्ये सरकारने अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबवले होते. २०२४ मध्ये ती वाट पुन्हा खुली झाली. तुटका, खाण्यास अयोग्य तांदूळ टाकीत गेला तर त्याचे कुणाला वाईट वाटणार नाही. चांगल्या तांदळाची गोष्ट वेगळी.

परदेशातून येणारे तेल कमी व्हावे, शेतमालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळावे, हे हेतू चांगलेच आहेत. मात्र त्यासाठी मायलेजमधली घट कुणी सोसायची आणि कोठारातला दाणा कुठे जायचा, याचा हिशेबही लोकांपुढे मांडला गेला पाहिजे. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणीला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.