तीन अक्षरांचं शून्य

जुनी एक्सेल फाइल नव्या फॉरमॅटमध्ये नेणं हे आमच्या क्षेत्रात सगळ्यात हलकं काम समजलं जातं. ते फ्रेशरच्या गळ्यात मारतात. फॉर्म्युला तुटला तर उपाय दोनच: जुना आकडा उचलून 'पेस्ट व्हॅल्यूज' करायचं, नाहीतर इफएरर लावून एररच्या जागी शून्य आणायचं. शीट स्वच्छ दिसते, तिकीट बंद होतं. मीही हे केलंय. आज माझं म्हणणं आहे की याला रूपांतर म्हणू नये. ही पुरावा पुसण्याची रीत आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एका साखर कारखान्याची ग्रॅच्युइटीची एक्सएलएस फाइल आली. 1972 च्या कायद्यात कायम कामगाराला सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार धरायचे, हंगामी कामगाराला दर हंगामामागे 7 दिवसांचा. तिथल्या हेडक्लार्कनी या दोन आकड्यांना नावं दिली होती: पीईआरएम15 आणि एसईए7. प्रत्येक कामगारापुढे त्यातलं एक लिहिलेलं असे. इनडायरेक्ट फंक्शन ते वाचून दिवस उचलायचं.

रूपांतरानंतर कायम कामगारांचे आकडे बरोबर आले. हंगामी कामगारांपुढे सरसकट शून्य. एरर नाही, काही नाही. लीड म्हणाला, "एलिजिबल नसतील रे. पुढे चल." मी पुढे गेलो. आठवड्यानं हेडक्लार्कांचा फोन आला, "अहो, हंगामातली माणसं कुठं गेली सगळी?"

मग मी फॉर्म्युला वाचला. पहिल्यांदाच. जुन्या फाइलमध्ये 256 कॉलम असायचे, शेवटचा आयव्ही. एक्सेल 2007 पासून ते 16,384 झाले, शेवटचा एक्सएफडी. त्यामुळे एसईए7 हे नाव उरलं नाही, तो एका सेलचा पत्ता झाला. असं झालं की एक्सेल जुन्या नावाला अंडरस्कोर जोडतं, पण सेलमध्ये मजकूर म्हणून लिहिलेलं नाव बदलत नाही. इनडायरेक्ट त्या नव्या पत्त्यावर गेलं. सेल रिकामा होता. रिकाम्यानं गुणलं की शून्य. कॉलमची नावं तीन अक्षरांपुढे जात नाहीत, म्हणून चार अक्षरी पीईआरएम15 तेवढं वाचलं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या 15,841 केसेस रोजच्या आकड्यांतून गळल्याचं उघड झालं. कारण, एक्सएलएस फाइलची 65,536 ओळींची मर्यादा. तिथेही डेटा गप्प गळला होता.

म्हणून सांगतो, 'रेफ' एररला घाबरू नका. तो निदान ओरडतो. खरा धोका गप्प शून्याचा आहे, आणि इफएरर लावून आपण ओरडणाऱ्यालाही गप्प करतो. इफएररचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक ट्युटोरियलवर माझा राग आहे तो यासाठी.

"क्लायंट याचे पैसे देत नाही," हे उत्तर मला पाठ आहे. पण क्लायंटनं शून्याचेही पैसे दिले नव्हते. आणि काम फार नाही. मूळ फाइल हात न लावता जपा. रूपांतराआधी नेम मॅनेजर उघडून सगळी नावं लिहून काढा. इनडायरेक्ट कुठे आहे ते शोधा. जुना आणि नवा निकाल ओळीनं ओळ ताडून पाहा, फक्त बेरीज नको. आणि फाइल बनवणाऱ्या माणसाला एक फोन करा.

आम्ही त्या फाइलला 'लेगसी कचरा' म्हणत होतो. त्या कचऱ्यात एका क्लार्कनं कायदा बरोबर बसवला होता. तो मोडला इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या मी.