घरातील माणसांची पारख

चाळीस वर्षे धान्याच्या अडतीवर बसल्याने मूठभर नमुन्यावरून मालाची जात मला सांगता येते. घरातील माणसांची पारख मात्र फार उशिरा आली.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावाचे अंतर्मुख व बहिर्मुख असे दोन प्रकार वर्णिले. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. माझा थोरला मुलगा अंतर्मुख. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी आल्यावर त्यास तासभर एकांत हवा असे. मी त्यास घुमेपणा म्हणे व चारचौघांत बोलक्या धाकट्याचा दाखला देई. अखेर तो वेगळा राहिला. चूल दुभंगली ती पैशामुळे नव्हे, माझ्या जिभेमुळे.

जोंधळ्याचे पीठ थापावे लागते, गव्हाची कणीक लाटावी लागते; म्हणून जोंधळ्यास कोणी हलका माल म्हणत नाही. अनेकान्ताचा गौरव आपण सभांतून करतो. त्याचा पहिला धडा जेवणाच्या पंगतीत गिरवावयास हवा. वडीलधाऱ्यांनी मुलांची तुलना सोडावी, अबोलास अवधी द्यावा, बोलक्याचे ऐकून घ्यावे.

वहीतील चूक दिवाळीच्या आत सापडते. ही चूक मला पंगतीतील एक पाट रिकामा झाल्यावर सापडली. व्यापारी बंधूंनी ती वेळीच शोधावी, एवढीच विनंती.