साहित्याची शिफारसपत्रे

अमेरिकेतल्या मराठी घरांत एखाद्या मुलाला वा मुलीला डॉक्टर किंवा दंतवैद्य व्हायचे असले, की एक प्रश्न हमखास उभा राहतो: कॉलेजात मुख्य विषय कोणता घ्यायचा? आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. बारावीनंतर थेट 'नीट', आणि तिच्या ७२० गुणांत भाषेला एकही गुण नाही. तिथे मात्र आधी चार वर्षांची पदवी घ्यायची प्रथा आहे आणि ती कोणत्याही विषयातली चालते. रसायन, भौतिकी, जीवशास्त्राचे ठरावीक अभ्यासक्रम तेवढे पुरे करावे लागतात. तरीही वैद्यकीय महाविद्यालयांच्या अर्जदारांत निम्म्याहून अधिक मुले जीवशास्त्राची असतात. 'बायॉलॉजीच घे' हा घरचा सल्ला नियमातून आलेला नाही, भीतीतून आलेला आहे.

पण माझे भांडण या पालकांशी नाही. ते आपल्याच बाजूच्या लोकांशी आहे. मानव्यविद्यांच्या अर्जदारांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षा थोडे अधिक आहे, ही आकडेवारी साहित्याचे प्राध्यापक विजयपताकेसारखी फडकवतात. 'एमकॅट'च्या चारपैकी एका विभागात ५३ प्रश्न केवळ उताऱ्यांच्या वाचनावर असतात, हेही अभिमानाने सांगितले जाते. म्हणजे कादंबरी कशासाठी वाचायची, तर उतारा सोडवता यावा म्हणून!

मुळात हा युक्तिवाद कच्चा आहे. साहित्य शिकत असताना सेंद्रिय रसायनही निभावून नेणारी मुले मोजकीच, आणि बहुधा आधीच जिद्दीची. त्यांच्या यशाचे श्रेय विषयाला देणे हा हातचलाखीचा प्रकार झाला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाने १९८७पासून मानव्यविद्यांच्या काही विद्यार्थ्यांना 'एमकॅट' आणि सेंद्रिय रसायनाशिवाय प्रवेश दिला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांची कामगिरी इतरांच्या तोडीची आढळली. तोडीची, सरस नव्हे. एवढ्यावरून पारंपरिक पूर्वतयारीचा धाक निराधार ठरतो, हे खरेच. साहित्याची थोरवी मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

'साहित्य वाचल्याने डॉक्टर अधिक सहृदय होतो' हा दुसरा दावाही तितकाच सावधपणे घ्यावा. उत्तम वाचक असलेली कठोर माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. साहित्य विभागांत तर जरा जास्तच.

पॉल कलानिधी स्टॅनफर्डला इंग्रजी साहित्यात एम.ए. झाले. वैद्यकाकडे वळण्याचा निर्णय त्यानंतरचा. माणसाच्या जगण्याला अर्थ कशाने येतो, हा त्यांचा प्रश्न होता. तो घेऊन ते साहित्यात शिरले आणि तोच घेऊन मेंदूच्या शस्त्रक्रियेकडे गेले. साहित्य ही त्यांच्या लेखी प्रवेशाची शिडी नव्हती. २०१५मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते कर्करोगाने गेले. त्या आजारपणातही ते वाचत आणि लिहीत राहिले. अशा वाचनाची नोंद प्रवेशाच्या कोणत्या तक्त्यात करणार?

ज्या दिवशी आपण साहित्याची बाजू प्रवेशाच्या टक्केवारीने मांडतो, त्या दिवशी आपण ती हरलेलो असतो; कारण उद्या टक्केवारी उलटली तर बोलायला काहीच उरत नाही. विद्यार्थ्याला एवढेच सांगावे: ही चार वर्षे तुझी आहेत, पुढची फार थोडी असतील. ज्या विषयावाचून चैन पडत नाही तो घे. तो जीवशास्त्र असेल, तर खुशाल जीवशास्त्र घे. पण साहित्य घेणार असशील, तर ते साहित्यासाठी घे.