नकारात किती वाचावं?

गणपती उठले की मराठीत नव्याने कथा लिहिणाऱ्यांचा एक अवघड महिना सुरू होतो. जूनमध्ये दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथेचं काय झालं हे अजून कळलेलं नसतं आणि फोन करून विचारायला भीड वाटते. बऱ्याच जणांना उत्तर मिळतं ते अंक स्टॉलवर आल्यावर, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवताना. मग समजूत घालणारे येतात, आणि ती समजूत ठरलेली असते. हॅरी पॉटरलाही आधी कितीतरी प्रकाशकांनी नाकारलं होतं. विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’वर तर फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वाचकाने भिकार आणि रटाळ असा शेरा मारला होता. यातलं काही खोटं नाही. पण ही फक्त तरून गेलेल्यांची यादी आहे. नाकारली गेली आणि नंतरही कुणी छापली नाहीत, अशा हस्तलिखितांची यादी कुणी ठेवत नाही. ठेवली असती तर तिच्यापुढे ही यादी चिटोऱ्याएवढी दिसली असती. ‘त्यांनाही नाकारलं, मलाही नाकारलं’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि नाकारलं म्हणजे आपल्याला लिहिता येत नाही, हा उलटा निष्कर्षही तितकाच हवेतला. माझं म्हणणं एवढंच की नकारात माहिती फार थोडी असते, आणि लेखकाला होणारा बराचसा मनस्ताप त्यात नसलेलं वाचल्यामुळे होतो.

हे नुसतं म्हणणं नाही. मुद्दाम करून पाहिलेले दोन प्रयोग त्याच्या पाठीशी आहेत. १९७७ साली अमेरिकेत चक रॉस या होतकरू लेखकाने जर्झी कोसिन्स्की यांची ‘स्टेप्स’ ही कादंबरी जशीच्या तशी टाइप केली, शीर्षक काढून टाकलं, खाली भलतंच नाव घातलं आणि ती १४ प्रकाशकांकडे धाडली. या कादंबरीला १९६९चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेलं होतं. चौदाही जणांनी ती परत केली. त्यांत ती मुळात छापणारं रँडम हाउसही होतं! दुसरा प्रयोग डोरिस लेसिंग यांचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन कीर्तीच्या काळात, त्यांनी जेन सॉमर्स या टोपणनावाने कादंबरी लिहिली आणि नेहमीच्या जोनाथन केप या प्रकाशनाकडे पाठवली. केपने ती नाकारली. घेतली ती मायकेल जोसेफने, म्हणजे ज्यांनी १९५० साली लेसिंग यांचं पहिलं पुस्तक काढलं होतं त्यांनीच. आणि तिथल्या संपादिकेला हे लेखन वाचताना तरुण लेसिंगची आठवण झाली. या गोष्टी सांगणारे सहसा ‘बघा, संपादकांना काही कळत नाही’ इथे येऊन थांबतात. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. १४ जणांना ‘स्टेप्स’ आवडली नाही याचा अर्थ ते १४ जण अडाणी असाही होईल आणि त्या वर्षीची परीक्षक मंडळी जरा जास्तच उदार होती असाही होईल. ठामपणे म्हणता येतं ते इतकंच की तोच मजकूर एका पाकिटात होकार मिळवतो आणि दुसऱ्या पाकिटात नकार. मग त्या नकारावरून मजकुराची किंमत कशी ठरवायची?

मराठीत तर नकाराची कारणं बऱ्याचदा कथेच्या बाहेरच असतात. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळीचा हंगाम सुरू झाला, आणि आता आपली कथा मुख्यतः त्याच एका हंगामात पिकते. आज दर वर्षी शेकडो अंक निघतात, पण प्रत्येकाचं आतलं गणित साधारण सारखं. नामवंतांना उन्हाळ्यातच फोन गेलेले असतात, त्यांच्या कथा ‘निमंत्रित’. एखादा परिसंवाद, एखादी दीर्घ मुलाखत, कवितांचा विभाग, वार्षिक राशिभविष्य हे ठरलेलं. उरलेल्या पानांत आपणहून आलेलं साहित्य. मग सप्टेंबरात दोन पानभर जाहिराती उशिरा येतात, किंवा ठरलेल्या येतच नाहीत आणि एक फर्मा कमी करावा लागतो. तेव्हा कात्री लागते ती सहा हजार शब्दांच्या अनोळखी कथेला; परिसंवादातल्या माजी कुलगुरूंना नव्हे. कधी त्याच आठवड्यात पुनर्विकासात निघालेल्या चाळीवरच्या तीन कथा टेबलावर येतात, त्यातली एक लागते आणि दोन जातात. लेखक मात्र घरी बसून आपल्या शेवटच्या परिच्छेदात काय चुकलं ते शोधत राहतो.

यावर एक रोखठोक आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. परत येणाऱ्या बहुतेक कथा चांगल्या नसतात म्हणूनच परत येतात. कोणत्याही संपादकाला खासगीत विचारा, हेच सांगेल. मला हे मान्य आहे. पण छापील ओळीचा नकार किंवा नुसतं मौन आपली कथा त्या बहुतेकांत बसते की उरलेल्यांत, हे सांगत नाही. ते सांगतो तो वाचून लिहिलेला नकार, आणि त्याची जात वेगळी. १९३३ ते १९८२ एवढा काळ चाललेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचा दबदबा कशामुळे होता? तिथे कथा छापून आली की प्रतिष्ठा मिळे हे खरंच, पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक कथा वाचत, ती कुठे सैल पडते हे पत्रातून कळवत आणि पुन्हा लिहायला लावत, हेही तितकंच खरं. काहींना तो जाच वाटला, पण कोरा नकार तो नक्कीच नव्हता. याच पटवर्धनांनी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द यर्लिंग’ ‘पाडस’ या नावाने मराठीत आणली आणि तिच्यावर दोन-तीन पिढ्या वाढल्या. त्या कादंबरीमागेही एका संपादकाचा नकार आहे. रॉलिंग्ज १९२८मध्ये फ्लोरिडातल्या क्रॉस क्रीक इथल्या संत्र्याच्या बागेत राहायला गेल्या आणि लिहीत राहिल्या. स्क्रिब्नर्सचे मॅक्सवेल पर्किन्स यांनी त्यांचं बरंच लेखन परत केलं. पण परत करताना, तुमच्या पत्रांत तुमच्या आसपासची माणसं आणि ते रान जसं उतरतं तसं लिहा, त्या रानातल्या एका मुलाची गोष्ट लिहा, असा आग्रह धरला. १९३८ साली पुस्तक आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. असा नकार जपून ठेवावा. चार ओळींचा असला तरी त्यात कुणीतरी आपली कथा शेवटपर्यंत वाचल्याची खूण असते.

अर्थात वाचून लिहिलेलं पत्रही जड जाऊ शकतं. न्यू ऑर्लिन्सच्या जॉन केनेडी टूल यांच्या ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’वर सायमन अँड शुस्टरचे रॉबर्ट गॉटलीब यांनी दीर्घ पत्रव्यवहार केला. कौतुकही केलं, शंकाही काढल्या. पुस्तक निघालं नाही. १९६९ साली टूल यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्या आईने ते हस्तलिखित हट्टाने कादंबरीकार वॉकर पर्सी यांच्या गळ्यात मारलं, १९८० साली ते छापलं गेलं आणि १९८१मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. ही हकिकत ‘अखेर सत्याचा विजय’ अशा थाटात सांगितली जाते तेव्हा अंगावर काटा येतो. माणूस जातो त्याला कारणं अनेक असतात, एका संपादकावर त्याचं खापर फोडता येणार नाही. एक गोष्ट मात्र दिसते. आशा प्रामुख्याने एकाच वाचकावर टांगलेली होती. गॉटलीब उत्तम वाचक होते, पण एकटे होते. ‘स्टेप्स’ आणि लेसिंगच्या उदाहरणांतून निघतं तेच इथेही लागू पडतं: एका वाचकाचं मत, कितीही बारकाईचं असलं, तरी एकाचंच.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. काही नकार व्यक्तीला नसतात, तिच्या जगाला असतात. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली ती काही परत आलेल्या कवितांचा सूड म्हणून नव्हे. काय साहित्य आणि काय नाही हे गिरगावातल्या खटाववाडीत, ‘सत्यकथे’च्या कचेरीत बसून ठरावं, यालाच त्यांचा विरोध होता. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा दलित जीवनावरचा कथासंग्रह १९६३ सालीच आला होता. म्हणजे लिहिणारे होते, वाचणारेही होते, फक्त प्रतिष्ठेच्या दारातून आत घेणारे नव्हते. अशा लेखकाला ‘मनावर घेऊ नका, पुन्हा लिहा, सुधारा’ असं सांगणं म्हणजे आपला आवाज पुसून त्यांच्यासारखं लिहा असं सांगणं. तिथे उपाय वैयक्तिक नव्हताच. अनियतकालिकं निघाली, औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक सुरू झालं, दार नवं बांधलं गेलं. आजही ग्रामीण बोलीत किंवा कोकणातल्या, खानदेशातल्या बोलीत लिहिणाऱ्याला ‘भाषा वाचकांना कळणार नाही’ असं उत्तर आलं, तर त्याने आपल्या कथेकडे संशयाने बघण्याआधी त्या ‘वाचकां’त कोण कोण धरलंय हे विचारावं. मात्र प्रत्येक नकार हा कंपूशाहीचा कट, असं मानणंही सोयीचं असतं. ते मानलं की कथा परत उघडून बघायची गरजच उरत नाही.

मग नकाराची भानगडच नको, पुस्तक स्वतःच काढू, हा मार्ग हल्ली फार लोकप्रिय आहे. त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. मार्सेल प्रूस्त यांनी आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड १९१३ साली पदरचे पैसे देऊन काढला, आणि नाकारणाऱ्यांपैकी आंद्रे जीद यांनी पुढे पत्र लिहून चूक कबूल केली. पण आपल्याकडे ‘लेखकाच्या सहकार्याने’ पुस्तकं काढणारे जे प्रकाशक आहेत, त्यांच्याकडे रक्कम भरणाऱ्याला होकारच मिळतो, आणि तो हस्तलिखित न उघडताही मिळतो. न वाचता दिलेल्या होकारातही माहिती शून्य असते. तीनशे प्रती पलंगाखाली जातात तेव्हा ते ध्यानात येतं. प्रतिलिपीसारख्या ॲपवर निदान अनोळखी लोक वाचतात, अधलामधला एखादा कुठे कंटाळा आला तेही लिहितो. छापील मौनापेक्षा ते कितीतरी बरं.

हे मौनच मला आजच्या घडीला नकारापेक्षा जास्त घातक वाटतं. दिवाळी अंकांचं आवाहन नीट वाचून पाहा: साहित्य युनिकोडमध्ये पाठवावे, ते अन्यत्र पाठवलेले नसावे, निवडीबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही. दुसरी आणि तिसरी अट एकत्र ठेवली की कथा वर्षभर अडकते, कारण ऑक्टोबरात कळून उपयोग काय, पुढचा हंगाम जूनमध्ये. पूर्वी लेखकाला आपल्याच पत्त्याचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं लागे. आता एक ईमेल चाळीस जणांना फुकट जाते, तरी ती जात नाही. संपादक बिचारे दोन-तीन माणसांत अंक काढतात हे मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे सविस्तर पत्रांची मागणी कुणी करत नाही. पण ‘१५ ऑगस्टपर्यंत कळवलं नाही तर कथा मोकळी’ एवढं एक वाक्य आवाहनात घालायला मनुष्यबळ लागत नाही, आणि काही अंक अशी मुदत देतातही. जे देत नाहीत, त्यांची ‘अन्यत्र पाठवू नये’ ही अट पाळायला लेखक बांधील नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने तीच कथा खुशाल तीन ठिकाणी पाठवावी. एकीकडून होकार आला की त्याच दिवशी उरलेल्या दोघांना तसं कळवावं.