शेकोटीपुढचा निवाडा

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर शेकोटीपुढे आपल्यापैकीच कोणी म्हणतो, "फादर, एवढी थंडी, मग पृथ्वी तापते कशी?" हा युक्तिवाद पोकळ आहे. एका घरी मेजवानी झाली म्हणून गावचा दुष्काळ हटत नाही. आकाश निरभ्र असले आणि उत्तरेचे कोरडे वारे आले की जमिनीची ऊब रात्रीतून निसटते. बीडला हुडहुडी भरते. ती पुढेही भरेल. तापमानवाढ हा मात्र साऱ्या पृथ्वीचा, अनेक दशकांचा हिशेब आहे, आणि त्यात २०२४ हे नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले.

न्यायाने बोलायचे तर एखादा दुष्काळही तापमानवाढीचा पुरावा नव्हे. परंतु २०१६ साली आपल्या केज तालुक्यातील मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे विसरून कसे चालेल? अशा काठावर जगणाऱ्यांना वाढत्या उष्म्याचा थोडा भारही पेलणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले. शेकोटीची ऊब जरूर घ्यावी. तिच्या आडून तो आक्रोश मात्र नाकारू नये.